उदबत्तीचा धूर

आमची जुनी पिकअप सिग्नलला थांबली की थरथरते आणि बंद पडते. "आज दोष सापडला नाही तर विकून टाकू," बाबा सकाळी चहा पिताना म्हणाले. मी रिकामा कप उचलून आत गेले. समोरासमोर बसून मला बोलता येत नाही. बाबांशी जे काही बोलणं होतं ते याच गाडीत, दोघांची नजर रस्त्यावर असताना.

गॅरेजमधल्या सलीमचाचांनी बॉनेट उघडलं आणि चालू इंजिनासमोर उदबत्ती पेटवली.

"पूजा करताय काय?" बाबा म्हणाले.

"कुठून तरी हवा ओढतेय ही गाडी. पोरी, पंख्यापुढे हा पुठ्ठा धर. आणि साहेब, तुम्ही जरा तोंड बंद ठेवा. धूर हलतो."

धूर रबरी नळ्यांवरून झोपेत चालल्यासारखा सरकत होता. एका नळीच्या वळणाशी तो अचानक वाकला आणि आत शिरला. चीर डोळ्यांना दिसतही नव्हती. बाहेर काहीच गळत नव्हतं, बाहेरचं मात्र सगळं आत जात होतं. अबोल माणसाचंही असंच होत असेल. तो आजूबाजूचं सगळं आत घेत राहतो, आणि जरा थांबला की थरथरतो.

नळी बदलली. परतताना सिग्नलला गाडी शांत उभी राहिली.

"विकू नका ना," मी लाल दिव्याकडे बघत म्हणाले.

बाबाही दिव्याकडेच बघत होते. "मग सकाळी का नाही बोललीस?"

"सकाळी आपण घरात होतो."