लाल रंग जिथे थांबला

राखणदार मावशींनी तो कोरीव उभा दगड पोटच्या पोरासारखा जपला होता. सव्वीस वर्षं त्या रोज सकाळी तारेच्या ब्रशने त्यावरचं शेवाळ घासत आणि बघायला आलेल्या कुणी भोवतीची दोरी ओलांडली, की त्याला फैलावर घेत.

पाच वर्षांपूर्वी पुरातत्त्व खात्याच्या फोटोवालीने दगडाभोवती फिरून सातशे फोटो काढले होते आणि ते संगणकात जुळवून दगडाची हुबेहूब त्रिमितीय प्रतिकृती केली होती. काल तिने पुन्हा तसेच फोटो घेतले. आज दगडासमोरच स्टुलावर लॅपटॉप ठेवून तिने जुनी आणि नवी प्रतिकृती एकमेकींवर बसवल्या.

"मावशी, जिथे दगड झिजलाय, तिथे लाल दिसेल हं."

पडद्यावर दगडाचा खालचा सगळा भाग लालभडक झाला.

"बघ! म्हणत नव्हते? या मेल्यांचे हात!"

"तुम्ही कुणाला दोरीच्या आत येऊ देता तरी का?"

"मग पाऊस असेल."

"पाऊस फक्त खालीच झिजवेल होय?"

वर कोरलेल्या बाईचा चेहरा शाबूत होता. लाल रंग तिच्या गळ्याशी थांबला होता. मावशी दगडापाशी गेल्या आणि त्यांनी रोज घासताना उंचावत तसा हात उंचावला. बोटं बरोबर त्या गळ्याशी टेकली.

त्यांनी झटकन हात मागे घेतला. "अगं बाई... मी?"

फोटोवालीने लॅपटॉप अर्धवट मिटला. ती पुटपुटली, "अहवालात मी पाऊसच लिहिते. तुमची नोकरी..."

"गप! पाऊस लिहिलास, तर माझ्यामागून येणारीही घासतच बसेल. ब्रश लिही. आणि कुणाचा, तेही लिही."