मनाला तेल घालणारे साहेब

आमच्या नागपूरच्या कापडगिरणीत यंत्रांना तेल घालायला माणूस होता, तसा सत्तर सालच्या सुमारास मालकांनी माणसांच्या मनाला तेल घालायला एक मानसशास्त्रज्ञ नेमला. हे साहेब दर शनिवारी आम्हाला आपल्या खोलीत गोल करून बसवत. गोलात कोणी लहानमोठा नसतो, असं स्वतः हात असलेल्या गुबगुबीत खुर्चीत बसून सांगत. मग मान तिरपी करून ज्याचं वाक्य त्यालाच परत देत.

मे महिन्यात भाऊराव विणकर म्हणाला, "साहेब, विणाई खात्यात लय गरमी होऊन राहिली."

"म्हणजे तुम्हाला गरम होतंय असं वाटतं," म्हणत साहेब कूलरकडे सरकले.

"वाटत नाही जी, होऊनच राहिलं. मॅनेजरसाहेबाले सांगा ना!"

साहेबांनी खरंच सांगितलं, भाऊरावच्या नावासकट. सोमवारी त्याला कायमची रातपाळी लागली. मी साहेबांना कारण विचारलं, तर म्हणाले, "रात्री गार असतं. शिवाय बदलातूनच माणूस वाढतो."

पुढे साहेबांना मुंबईत मोठी नोकरी लागली. निरोपाच्या दिवशी पुन्हा गोल बसला. "आज माझ्याबद्दल मनात असेल ते न घाबरता बोला," ते म्हणाले.

सुरुवात भाऊरावपासून झाली. "साहेब लय चांगले होते," तो म्हणाला. शेजारच्यानं तेच म्हटलं, त्याच्या शेजारच्यानंही तेच. फिरत फिरत पाळी माझ्यावर आली, तेव्हा मीही तेच म्हणालो.

साहेबांचे डोळे भरून आले. चष्मा पुसत ते म्हणाले, "बघा, शेवटी शिकलात की नाही मोकळं बोलायला!"