अमेरिकेला निघालेली भाजणी

आमच्या धायरीच्या सोसायटीत फाटकाजवळ एक काळा फळा आहे. त्यावर लिहायचं काम माझ्याकडे आहे, कारण माझं अक्षर बरं आहे आणि दुसरं काही माझ्यावर सोपवावं असं अजून कोणाला वाटलेलं नाही. गुरुवारी पाणी नाही, लिफ्ट बंद आहे, भटक्या कुत्र्यांना पोळी घालणाऱ्यांनी पुढची साफसफाईही करावी, असं सगळं मी लिहितो. एका रविवारी सकाळी मात्र मी तिथे रंगीत खडूने लिहिलं, 'बी विंगमधील आपल्या कन्येस अमेरिकेचा व्हिसा मिळाल्याबद्दल सोसायटीतर्फे हार्दिक अभिनंदन.' खाली सही माझीच. कन्याही माझीच.

व्हिसा मिळाला नव्हता. सोडतीत नाव लागलं होतं, एवढंच. अमेरिकेत नोकरीसाठी जायचं तर आधी चिठ्ठ्या टाकल्यासारखी सोडत होते, त्यात नाव निघालं तर कंपनीला अर्ज करायची मुभा मिळते. मला त्यातला 'नाव निघालं' हा भाग ऐकू आला आणि मी खडू शोधायला उठलो.

"बाबा, अजून अर्ज भरायचाय, तो मंजूर व्हायचाय, मग मुंबईला मुलाखत," मुलगी म्हणाली. "जाऊन पुसा ते."

मी ओलं फडकं घेऊन खाली गेलो. फळ्यासमोर चार जण उभे होते. त्यांनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं, आणि घेतलेलं अभिनंदन ओल्या फडक्याने परत कसं करायचं ते मला कळेना. मी फडक्याने फाटक पुसलं आणि वर आलो.

संध्याकाळपासून पिशव्या यायला लागल्या. आमच्याकडे कोणी अमेरिकेला निघालं की जाणाऱ्याच्या बॅगेवर सगळ्या इमारतीचा हक्क असतो. तिकडे कोणाचा मुलगा असतो, कोणाची भाची, आणि त्यांना मेतकूट तिकडचं आवडत नाही. पहिल्या आल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात, मुलगा टेक्सासला. त्यांनी थालीपिठाची भाजणी आणली होती, दुहेरी पिशवीत, वरून चिकटपट्टी. मग इमारत ज्यांच्या शेतावर उभी आहे ते आण्णा आले. त्यांच्या भावाची मुलगी तिकडे असते. त्यांनी काळा मसाला आणला.

"मसाला घरचा हाय, बरं का," ते म्हणाले. "विमानात वास सुटला तर लोकं जेवायला मागतील."

आठवड्याभरात नऊ पिशव्या झाल्या. बायकोने त्या दिवाणाखाली रचल्या. वर प्रत्येकीवर देणाऱ्याचं नाव लिहून ठेवलं. आमच्याकडे ही वाईट खूण असते.

मुलगी हिंजवडीतल्या एका कंपनीत सहा वर्षं होती. रुग्णालयांची बिलं आणि औषधांची यादी सांभाळणारं एक सॉफ्टवेअर तिच्या गटाने बांधलं होतं. तिकडे जाऊन तिने ते काम पुढे न्यायचं, असं ठरलं होतं. म्हणून इथला तिचा गट कंपनीने आधीच दुसऱ्याच्या हाती दिला. म्हणजे बसमधून उतरण्यासाठी ती पायरीवर आली होती आणि तिची जागा भरली होती.

आणि तेवढ्यात नियम बदलला. बाहेरून नवा माणूस आणायचा तर कंपनीने भरायचं शुल्क एकदम इतकं वाढलं, की मी बातमीतला आकडा दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा शून्यं मोजली. तिकडच्या लोकांच्या नोकऱ्या आणि पगार राखायला हे केलं, असं बातमीत म्हटलं होतं. असेलही. त्यांनाही मुली असतील. कंपनीने आठ दिवसांत कळवलं, या वर्षी अर्ज भरणार नाही.

त्या दिवशी मुलगी घरी आली, चप्पल काढली आणि म्हणाली, "तिकडचं गेलं. इकडचा गट दिलाय. दोन महिन्यांत कंपनीत दुसरं काम नाही मिळालं तर घरी बसायचं पत्र देतात."

मी म्हणालो, "होईल काहीतरी."

माझा हा ठरलेला सल्ला आहे. मी एका पंपांच्या कारखान्यात भांडार विभागात तीस वर्षं काढली आणि त्यात एकदाच पगारवाढ मागितली. साहेब म्हणाले, बघू. ते अजून बघत असावेत.

आता प्रश्न पिशव्यांचा होता. बायको म्हणाली, "फळ्यावर लिहिलं कोणी? मग परत नेऊन द्यायच्याही त्यानेच." दुसऱ्या दिवशी मी नऊ पिशव्या घेऊन निघालो. वर्गणी मागायला जाताना दार वाजवणं सोपं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आण्णा ओट्यावर बसले होते. सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या मागच्या चाळीत आयटीतल्या मुलांना भाड्याने दिलेल्या खोल्या आहेत. "तिकडं नियम बदलला की हितं माझ्या खोल्या रिकाम्या होत्यात, न्हाईतर भरत्यात," ते म्हणाले. "काय बदलला ते मला कळत न्हाई, पण खोलीवरनं कळतं. आत्ता भरायला लागल्यात. काम हिकडं येतंय वाटतं." मसाला त्यांनी घेतला नाही. "पोरगी हितंच हाय ना? मग तिलाच खाऊ द्या."

असंच पुढे होत गेलं. मेतकूटवाल्यांनी मेतकूट घेतलं नाही, कुरडयावाल्यांनी चहा पाजून कुरडया पुन्हा माझ्याच हातात दिल्या. मी माफी मागायला गेलो होतो आणि लोक मुलीची चौकशी करत होते. फळ्याचा विषय एकानेही काढला नाही. पुण्यात टोमणा मारायची अशी आयती संधी लोक सोडत नाहीत. आठ घरांनी सोडली. ते उपकार मी अजून मोजतो आहे.

काकूंनी मात्र पिशवी हातात घेतली आणि मांडीवर ठेवून बसल्या. त्यांचा मुलगा चार वर्षं आलेला नाही. आला तर परत जाताना पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का लागतो, तो वेळेत मिळाला नाही तर नोकरी जाते, म्हणून तो निघतच नाही. तो नाही तर निदान भाजणी जाईल, असा त्यांचा हिशेब होता. तो मी रंगीत खडूने मोडला होता.

"काकू, माझं चुकलं," मी म्हणालो.

"लिहिताना चुकलंच. 'हार्दिक'ही जरा जास्त झालं," काकू म्हणाल्या. इतक्या वर्षांची शिक्षिका. "पण मुलीला संध्याकाळी वर पाठवा. आमचा तिच्याच क्षेत्रात आहे. त्याच्याशी बोलू दे."

मुलगी गेली. तासाभराने खाली आली ती वेगळाच चेहरा घेऊन. काकूंच्या मुलाने तिला समजावलं होतं, की तिला तिकडे नेता आलं नाही तरी काम थांबणार नाही. रुग्णालयं बंद पडत नाहीत. तिकडे माणूस मिळत नाही, मिळाला तर महाग, म्हणून ते काम कंपनी इथे आणेल. आणलं की ते माहीत असलेलं माणूस एकच, तू. मग तुझा जुना पगार पुढे करतील. तो घेऊ नकोस. तिकडे त्या जागेला काय देतात तेही त्याने सांगून टाकलं. सहसा हे कोणी सांगत नाही.

"अगं, पण आत्ता मिळेल ते धरून ठेव," मी म्हणालो. "मागायला गेलीस आणि ते नाही म्हणाले तर?"

"बाबा, तुमचे साहेब काय म्हणाले होते?"

"बघू म्हणाले होते."

"तेच."

पाचव्या आठवड्यात झालं ते तसंच. काम पुण्याला येणार, सोबत नवा गट, आणि पगार जुनाच, वर 'नंतर बघू'. मुलीने सांगितलं की आत्ता बघा. दोन दिवस उत्तर आलं नाही. ते दोन दिवस मी फळ्यावर पाण्याची वेळसुद्धा चुकीची लिहिली आणि अर्धी इमारत अंगाला साबण लावून उभी राहिली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. तिकडच्या पगाराच्या आसपासही नव्हतं, ते होणारच नव्हतं. पण तिने मागितलेल्यातलं बरंचसं मिळालं, आणि तिच्या हाताखाली सात जणांना कामही.

ते काम सोपवायला तिकडून तिच्या वरिष्ठ बाई आल्या. मूळच्या चेन्नईच्या, आता तिकडच्या नागरिक, म्हणजे शिक्क्याची भीती नाही. आमच्याकडे जेवायला आल्या तेव्हा मुलीने काकूंकडून आणलेली भाजणी पुढे केली आणि विचारलं, एक पिशवी न्याल का. त्यांनी पिशवी हातात घेतली, वजन पाहिलं, चिकटपट्टी पाहिली आणि म्हणाल्या, आमच्या आईचंही असंच असतं. पंधरा दिवसांनी काकूंच्या फोनवर फोटो आला. टेक्सासमधलं एक थालीपीठ, एका बाजूने जरा करपलेलं. काकूंनी तो प्रत्येक मजल्यावर दाखवला आणि प्रत्येक मजल्यावर सांगितलं की तवा नीट तापवला नव्हता.

त्या संध्याकाळी मी खडू घेतला. मुलीला मोठं काम मिळालं, काकूंची भाजणी पोचली, नऊ घरांनी मला सांभाळून घेतलं. काहीतरी लिहायलाच हवं, असं वाटत होतं.

"फळ्यावर काय लिहू गं?" मी बायकोला विचारलं.

ती आण्णांचा मसाला आमटीत घालत होती. वर न बघता म्हणाली, "उद्या पाणी नाही, ते लिहा. ती इथेच आहे, ते लोकांना दिसतंय."