चाचांचा तळहात

कुवेतच्या शुऐबा बंदरावर प्लास्टिकच्या दाण्यांची गोण कंटेनरमध्ये चढण्याआधी रत्नागिरीकडचे आमचे चाचा तिच्यावर तळहात ठेवतात. आता माल एवढा जातो की ओल मशीनच तपासतं. मी इथला सुपरवायझर, पण चाचा माझंही ऐकत नाहीत.

"साहेब, इराकच्या लढाईनंतरचं पयलं जहाज मी भरलंय. तवा गिऱ्हाईक आपला माल घ्यायला कचरायचं. एक ओली गोण गेली असती, तर परत कोण आलं असतं?"

काल भर उन्हात त्यांनी ओल लागली म्हणून लोडिंग थांबवलं. मॅनेजर तापला. मी गोण फोडली, तर दाणे कोरडेठाक. ओल चाचांच्याच घामाची होती.

तळहात शर्टाला पुसून त्यांनी पुढच्या गोणीवर ठेवला. त्यांनी मान हलवेपर्यंत मी ती उचलू दिली नाही.