मुलाकात बंद आहे

करोनाच्या पहिल्या टाळेबंदीत मध्य प्रदेशातलं आमचं अख्खं बालाघाट घरात बसायला शिकत होतं, तेव्हा आम्ही तिघं लोकांना तुरुंगातून बाहेर काढायच्या मागे लागलो होतो. एक वकील, एक औषधांचा दुकानदार आणि मी, निवृत्त शिक्षिका, म्हणजे कोणालाही दम द्यायची जन्माची सवय. मागणी साधी होती. किरकोळ गुन्ह्यांतल्या कच्च्या कैद्यांना जामिनावर सोडा. तुरुंगाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘दो गज दूरी’ रंगवलं होतं. आत मात्र कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवावं लागे.

“मॅडम, जेल से सुरक्षित जगह आज कौन सी है?” एका साहेबांनी मास्क हनुवटीवर ओढून आम्हाला विचारलं.

“तो आप बाहर क्यों बैठे हैं, साहब?” मी म्हटलं. वकिलांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. त्या उत्तरापायी आमचा अर्ज चार दिवस मागे पडला असेल, पण जित्याची खोड.

आमच्याच जिल्ह्यातल्या खैरलांजीकडच्या एका म्हाताऱ्याची बायको आत होती. मोहाची दारू गाळताना पकडली गेली, जामीनदार मिळाला नाही, राहिली. दर सोमवारी हा धुतलेला सदरा घालून बसनं मुलाकातीला यायचा. दोघांचं बोलणं जरा रंगलं की शिपाई घंटी वाजवायचा. मग फाटकावर पाटी लागली, ‘मुलाकात बंद है’. बसही बंद. तरी कोणाच्या तरी गाडीवर मागे बसून तो माझ्या दारात हजर.

“बाई, तुमची जेलवाल्याहिच्याशी ओळख आहे ना? मलेबी आत टाकून द्या.”

“काहून?”

“ती आत, मी बाहेर. बाहेर राहून मी काय करून राह्यलो?”

लोकांना बाहेर काढायची आमची मोहीम, आणि हा आत जायला वशिला लावतोय! बायकांची बराक वेगळी असते, हे ऐकून बिचारा फार हिरमुसला. त्या दिवसापासून मला दुसऱ्या कोणाचं नाव सुचेना. हिला आधी सोडवायचं.

शेवटी कोर्टानं तिला स्वतःच्या हमीवर सोडलं. तुरुंगाच्याच गाडीनं तिला गावी नेलं. माझ्याकडे पास होता, म्हणून मीही मागोमाग गेले. वेशीवर बांबू आडवा.

“जेलातून आली, बिमारी आणीन,” गावकरी म्हणाले. सरपंचांनी तिला शाळेच्या खोलीत ठेवलं आणि बाहेरून कुलूप घातलं. आगीतून फुफाट्यात! ज्या शाळाखात्यात माझं आयुष्य गेलं, त्याच्याच एका शाळेचा तुरुंग झालेला पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात म्हातारा डबा घेऊन आला. अंगात तोच धुतलेला सदरा.

“दाढी काहून नाही केली?” ती खिडकीतूनच कडाडली.

“न्हावी बंद आहे ना वं.”

डबा आत सरकवून तो गज धरून तिथंच टेकला. मला रडू आवरेना, आणि रडू आलं की मी ओरडते. “आबा, हे काय सुटणं झालं? थांबा, मी तहसीलदारांकडेच जाते!”

“राहू द्या, बाई,” तो तिच्यावरची नजर न काढता म्हणाला. “मुलाकात चालू झाली. अन् इथं घंटी वाजवाले कोणी नाही.”