खाचांचा बांबू

ओल्या बांबूचा वास आला की मार्कंड्याची जत्रा आठवते. वैनगंगेत यात्रेकरूंच्या डोंग्यांची दाटी होती आणि त्यातून पाण्याची खोली मोजणारी एक छोटी मोटरबोट फिरत होती. बोटीवर माझ्याच वयाची मुलगी, अंगात नारिंगी जाकीट. मध्येच तिचं खोली मोजायचं यंत्र बंद पडलं. बाबांनी आमचा डोंगा जवळ नेला आणि हातातला डोंगा रेटायचा बांबू तिला दिला. "घे बेटी, यानं पाह. या खाचा माह्या बापानं पाडल्या." मी जळून म्हटलं, "मले तं हातबी लावू देत नाई!" बाबा हसले, "तुले कुठी डोंगा चालवाचा हाये?" आता बाबा नाहीत, डोंगा मीच चालवते, त्याच बांबूनं. पण तिनं बांबू जिथं धरला होता, तिथं अजून हात ठेवत नाही.