तौनोच्या होडीची शिडी

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी तौनो रिक्कोला शिट्टी फुंकतो आणि कोत्का गावाजवळच्या आमच्या खाडीतला उन्हाळा संपतो. त्या दिवशी लख्ख ऊन पडलेलं असलं तरी बेहत्तर. क्रेन येते, होड्या एकेक करून पाण्यातून उचलल्या जातात आणि आवारात लाकडी घोड्यांवर, म्हणजे उंच टेकूंवर, बसतात. पुढचे काही शनिवार आम्ही सगळे आपापल्या होडीच्या पोटाखाली वाकून शेवाळ खरवडत असतो, आणि तौनो पाठीमागे हात बांधून आमच्या चुका वेचत फिरत असतो. तो आमच्या होड्यांच्या क्लबचा बंदरप्रमुख आहे.

तो बंदरप्रमुख झाला त्यात त्याचा काही दोष नव्हता. आमच्या शरदातल्या सभेची एक जुनी रीत आहे: जो सभेला नाही, त्याच्या गळ्यात पद. हजर माणूस नको म्हणू शकतो, गैरहजर माणसाची ती सोय नसते. वीसेक वर्षांपूर्वी सभेच्या दिवशी तौनोचं अपेंडिक्स काढत होते. गुंगी उतरली तेव्हा तो बंदरप्रमुख होता.

मग त्याने आमच्यावर नियमांचा असा काही पाऊस पाडला की विचारता सोय नाही. इंजिनात न गोठणारं गुलाबी पाणी घालायचं, ते मागच्या नळीतून गुलाबीच बाहेर पडेपर्यंत घालायचं, आणि पडताना तौनोला दाखवायचं. ताडपत्री दोन्ही टोकांना उघडी ठेवायची, कारण होडीला हिवाळाभर वारा लागतो. सगळ्यांत कडक नियम शिडीचा. होडीवर मालक दिसत नाही आणि शिडी मात्र उभी आहे, असं ज्याला दिसेल त्याने ती उचलून शेडमध्ये कुलूपबंद करायची आणि मालकाचं नाव दारावरच्या फळ्यावर लिहायचं. शिडी म्हणजे चोराला आवतण. फळ्यावर नाव लागलं की त्या माणसाने पुढच्या शनिवारी अख्ख्या क्लबला दालचिनीचे पाव भाजून आणायचे. आमचा चिटणीस ओस्मो एकदा सापडला होता. त्याच्या पावांची चेष्टा नाताळ उलटून गेला तरी चालू होती.

यंदा मात्र तौनो पद सोडणार होता. नवीन वर्षाच्या रात्री त्याने बायकोला, हिल्काला, शब्द दिला होता. "वीस वर्षं झाली, माझा एक शनिवार तुझ्या क्लबातून सुटलेला नाही," ती म्हणाली होती. "सोड आता." तो म्हणाला होता, "हे शेवटचं वर्ष." आणि तौनोचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मधल्या काळात मे महिन्यात तो कागदगिरणीतून निवृत्त होऊन घरी बसला, पण त्याने शब्दाला काय फरक पडतो? सभा शनिवारी पाचला होती. पहिल्या रांगेत बसायचं आणि ओस्मोने नाव घेताच "नको" म्हणायचं, एवढंच काम होतं. आठवडाभर तो ज्याला त्याला सांगत होता की मी येणार आहे बरं का, उगाच भलत्या आशेवर राहू नका. इतक्या वेळा सांगत होता की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

तर तो शनिवार उजाडला. सभेनंतरच्या जेवणाचं सूप करायला हिल्काही क्लबघरात आली होती. दुपारपर्यंत सगळ्यांच्या होड्यांचं काम संपलं. राहिली फक्त तौनोची. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! दुसऱ्यांची इंजिनं तपासण्याच्या नादात त्याच्या स्वतःच्या होडीचा तळ पुसायचा राहिला होता. साडेतीनच्या सुमाराला तो शिडी चढून मागच्या बाजूने ताडपत्रीत शिरला आणि तळातलं उरलंसुरलं पाणी स्पंजने टिपू लागला. मग त्याने कप्पे उघडले. एका कप्प्यात राय धान्याच्या कडक पोळ्यांचा अर्धा पुडा सापडला. उंदरांना खाऊ नको म्हणून त्याने तो स्वतःच खाऊन टाकला. सगळं मनासारखं झालं तेव्हा तो पाठमोरा होऊन बाहेर आला, एक पाय खाली सोडला आणि पायरी चाचपू लागला. पायरी नव्हती. खाली वाकून पाहिलं तर शिडीच नव्हती.

त्याला आधी राग आला. मग, खरं सांगायचं तर, थोडा अभिमानही वाटला. नियम पाळला जात होता! आणि मग एकदम लक्षात आलं की याचा अर्थ फळ्यावर आता आपलं नाव आहे.

तेवढ्यात पलीकडे पावलं वाजली. तौनोने पुढच्या टोकाच्या फटीतून तोंड बाहेर काढलं. खाली ओस्मो उभा होता.

"अरे तौनो, अजून वरच?"

"बघतोय जरा."

"काय बघतोयस?"

"हवा."

"ताडपत्रीच्या आतून?"

"तू तुझं काम कर ना! खुर्च्या मांडल्यास का?"

"मांडल्या. ये लवकर. नाहीतर ठाऊक आहे ना काय होतं ते?" ओस्मो दात काढून हसला.

"आलोच. पुढे हो तू."

ओस्मो गेला. 'शिडी आण रे' हे तीन शब्द तौनोच्या जिभेवर येऊन परत गेले. ओस्मोकडे शिडी मागायची म्हणजे त्याच्या हातात आयुष्यभराचं कोलीत द्यायचं. त्यापेक्षा आपलं आपण उतरू, असं त्याने ठरवलं. कठड्याला दोरी बांधली, एक पाय बाहेर टाकला. पण वसंतात डॉक्टरांनी बदललेला गुडघा त्याच्याही वरचा नियमवाला निघाला, तो वाकेचना. तौनो पोटावर कठड्याला अडकला, थोडा वेळ तसाच लोंबला आणि मोठ्या कष्टाने परत आत घरंगळला.

आता आवारात चिटपाखरू नव्हतं. क्लबघराचे दिवे लागले होते. फोन तिथेच, खुंटीवरच्या कोटात. आता तो ओरडू लागला. आधी नुसतं "अहो!", मग ओस्मोच्या नावाने, मग ओस्मोच्या बापाच्या नावाने. वारा सगळं उचलून समुद्राकडे नेत होता. त्याने होडीतल्या छोट्या स्वयंपाकघरातलं पातेलं काढून चमच्याने बडवलं. दोन सीगल उडाले, बाकी कुणी हललं नाही.

आणि मग क्लबघरातून टाळ्या ऐकू आल्या. जोरदार, लांबलचक टाळ्या. हिशेब मंजूर झाला म्हणून कुणी अशा टाळ्या वाजवत नाही.

तौनो पातेलं मांडीवर घेऊन खाली बसला. शब्द मोडला होता. हिल्काला काय तोंड दाखवायचं? या वयात, इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा! त्याला मनापासून लाज वाटली. आणि त्या लाजेच्या खालून, कितीही दाबलं तरी, आनंद वर येत होता. पुढच्या ऑक्टोबरातही शिट्टी आपणच फुंकणार. या आनंदाची त्याला आणखी लाज वाटली.

काही वेळाने अंधुक उजेडात कुणीतरी खांद्यावर शिडी घेऊन येताना दिसलं. हिल्का होती. अंगावर स्वयंपाकाचा एप्रन तसाच. तिने शिडी होडीला टेकवली, हलवून पाहिली आणि वर बघितलं.

"उतर. वाटाण्याचं सूप गार होतंय."

"हिल्का, माझा इलाज नव्हता. कुणीतरी शिडी नेली."

"मी नेली."

तौनोचा पहिल्या पायरीवरचा पाय तिथेच राहिला. "तू? मी वर आहे हे तुला दिसलं नाही?"

"न दिसायला काय झालं? तुझे बूट दिसत होते."

"अगं, मग सभेत तू उभं राहून सांगायचंस ना, की तौनो नको म्हणतोय म्हणून!"

"ओस्मोने नाव सुचवलं, मी अनुमोदन दिलं."

तौनो शिडीवर, अर्धा आत अर्धा बाहेर, मान वळवून खाली वाकला. "पण सोड म्हणून तूच मागे लागली होतीस."

"तेव्हा तू गिरणीत जात होतास. मे महिन्यापासून तू घरात आहेस, तौनो. फ्रीजरमधल्या माशांना तू नंबर घातलेस. बटाटे किती वेळ उकडायचे याचा कागद चुलीवर लावलास. परवा माझ्या बहिणीला चपला भिंतीला समांतर ठेवायला सांगितलंस. ती आता फोनवरच बोलते माझ्याशी."

"मग तसं सांगायचंस मला!"

"दिलेला शब्द परत घे म्हणून? तू घेतला असतास?"

तौनो एकेक पायरी उतरत खाली आला. हिल्काने शेवटपर्यंत शिडी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

"मला सोडायचं नव्हतं गं," जमिनीवर पाय टेकल्यावर तो म्हणाला.

"अख्ख्या खाडीला ठाऊक आहे ते. बोलला मात्र नाहीस."

"तू तरी कुठे बोललीस?"

"आता बोलते." ती शिडीकडे बघत म्हणाली. "चाळीस वर्षं तू संध्याकाळी घरी यायचास. दाराशी बूट वाजले की मला बरं वाटायचं. दिवसभर घरातच बसलेला माणूस घरी येणार कधी? मला तू घरी यायला हवा आहेस."

तौनोने काहीतरी म्हणायला हवं होतं, पण आमच्याकडच्या पुरुषांना अशा वेळी जे सुचतं तेच त्याला सुचलं. त्याने शिडीचं एक टोक उचललं. दुसरं हिल्काने उचललं, आणि दोघं शिडी घेऊन शेडकडे चालू लागले.